सरासरी आणि बाकरवडी

मुलगी बारावी सायन्सला. रविवारी वही घेऊन आली. "बाबा, रिअ‍ॅक्शनचा अ‍ॅव्हरेज रेट काढायचाय. म्हणजे पदार्थ सरासरी किती वेगानं संपतो ते." मी कॉमर्सवाला, पण अ‍ॅव्हरेज म्हटल्यावर छाती फुगली. स्कूटरचं अ‍ॅव्हरेज मी कर्वे रोडच्या सिग्नलला उभ्या उभ्या काढतो.

तक्ता ब्यूटाइल क्लोराइड नावाच्या रसायनाचा होता. हा गृहस्थ पाण्यात हळूहळू संपतो. सुरुवातीला कॉन्सन्ट्रेशन ०.१०० मोल प्रति लिटर, ५० सेकंदांनी ०.०९०५. नंतरच्यातून आधीचं वजा केलं, ५० नं भागलं. उत्तर उणे!

"पुढे आणखी एक मायनस लावायचा असतो," ती म्हणाली. "पदार्थ कमी होतोय म्हणून बदल उणे. रेट उणे नसतो."

महिनाअखेरीला आमच्या खात्याला असा मायनस कोणी लावून देत नाही.

पहिल्या ५० सेकंदांचा रेट आला १.९ गुणिले दहाचा उणे चौथा घात. पुढच्या ५० सेकंदांत ०.०८२० उरलं, म्हणजे रेट त्याच घातात १.७. मी पुन्हा भागाकार केला. पुन्हा १.७.

"बरोबर आहे हो बाबा! माल कमी होत जातो तसा रेटही उतरतो."

मग प्रात्यक्षिकच झालं. बाकरवडीचा डबा वजनकाट्यावर. पाच वाजता ४०० ग्रॅम, पाच दहाला ३२०, पाच वीसला २७०. मिनिटाला ८ ग्रॅम, मग ५. भरल्या डब्यात हात घालताच बाकरवडी लागते, पुढे पुढे चाचपावं लागतं. रेणूंचंही तसंच, गर्दी विरळ झाली की टकरा कमी.

रात्री दहाला काटा १८० वर होता. सकाळी सातला ९०.

"नऊ तासांत ९० ग्रॅम," मी घाईघाईनं म्हणालो, "म्हणजे तासाला फक्त १०! एवढं तर हवेनंही उडतं."

मुलगी वहीत लिहूनही घेऊ लागली. तेवढ्यात ओट्यापाशी पोहे भिजवणारी बायको मागे न वळता म्हणाली,

"अगं, रात्रभराचा नको काढूस. साडेबाराला स्वयंपाकघरातला दिवा लागला होता, पाच मिनिटांनी गेला. तेवढाच काढ."