फाईलची माहिती मागणं गुन्हा म्हणे!

‘सरकारी फाईलची माहिती मागणं १९२३च्या कायद्याने गुन्हा आहे, कारण न देता केलेला अर्ज बाद होतो, वकील लागतो, आणि तसंही नव्या डेटा कायद्याने आरटीआय बंदच झालाय.’ हा मेसेज सध्या गटागटांत फिरतोय. मी दुर्लक्षच केलं असतं, पण तो वाचून मावशीने लिहून ठेवलेला अर्ज फाडून टाकला. तिचा निराधारचा पगार का थांबला, एवढंच तहसीलला विचारायचं होतं.

आधी गुन्ह्याचं बघू, कारण माणसं घाबरतात ती त्यालाच. १९२३चा तो शासकीय गुपिते अधिनियम इंग्रजांनी केला आणि तो अजून लागू आहे, हे खरं. पण तो हेरगिरी आणि गुप्त कागद फोडण्याबद्दलचा. रीतसर अर्ज म्हणजे हेरगिरी, हा शोध कोणाचा? माहिती अधिकार कायद्याचं, म्हणजे आरटीआयचं, कलम २२ उघडा. त्या १९२३च्या कायद्याचं नाव घेऊनच तिथे म्हटलंय, की दोघांत विसंगती आली तर माहिती अधिकार वरचढ. कलम ८(२) सांगतं, की लोकहित नुकसानापेक्षा मोठं असेल तर गुपिते कायदा असूनही माहिती देता येते. राफेल लढाऊ विमानांच्या खरेदीच्या कागदांवरून केंद्राने कोर्टात याच गुपितांची ढाल पुढे केली होती. १० एप्रिल २०१९ला सुप्रीम कोर्टाने तो आक्षेप फेटाळला, आणि त्यात ८(२)चा आधार होता. पुढे मूळ पुनर्विचार याचिका फेटाळल्या गेल्या, ती गोष्ट वेगळी. लढाऊ विमानांच्या कागदांना जी ढाल पुरली नाही, ती निराधारच्या पगाराला पुरणार?

फाईलवर ‘गोपनीय’चा शिक्का मारला म्हणून भागत नाही. नकार द्यायचा तर कलम ७(८)प्रमाणे कारण, अपिलाची मुदत आणि अपील कोणाकडे करायचं, हे लेखी कळवावं लागतं. देशाची सुरक्षा, चालू तपास वगैरे अपवाद आहेत, ते असायलाच हवेत.

अर्जात कारण? कलम ६(२)प्रमाणे ते विचारताच येत नाही. वकीलही लागत नाही.

डेटा कायद्याचं मात्र अर्धं खरं आहे, मान्य करावंच लागेल. २०२३च्या त्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने आरटीआयचं कलम ८(१)(ञ) बदललं. पूर्वी सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली खासगी माहिती नाकारता यायची, आणि तिथेही लोकहिताचा अपवाद होता. आता ‘वैयक्तिक माहिती’ एवढं म्हटलं की झालं. नाकारणाऱ्यांच्या हाती आयतं कोलीत मिळालंय. तरी ८(२) जागेवर आहे, आणि कायदा बंद झालेला नाही.

महाराष्ट्रात दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, एकच विषय दीडशे शब्दांत मांडायचा. दारिद्र्यरेषेखालच्यांना शुल्क माफ. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर तो नकारच धरायचा आणि पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील टाकायचं. दुसरं अपील माहिती आयोगाकडे वर्षानुवर्षं पडून राहतं. मेसेज फिरवायचाच असेल तर त्यावर फिरवा की!