नव्या चेनच्या पोस्टवर आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

मोटारसायकलला नवी चेन बसवली की ९० नंबरचं गियर ऑइल लावा, पहिले ५०० किमी जपून चालवा आणि मग चेन तपासा, अशी पोस्ट मी टाकली होती. तिच्याखाली एका वाचकांची प्रतिक्रिया आलीय, ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ओ-रिंगच्या (रबरी रिंगा असलेल्या) चेनमध्ये ग्रीस आतच सील असतं त्यामुळे बाहेरून ऑइल लावून शून्य उपयोग, चेनचं रनिंग (नवी असताना जपून चालवणं) वगैरे काही नसतं, ९० नंबरच्या गियर ऑइलनं मागचं रिम घाण होतं, फोटोत स्प्रॉकेट (चेन ज्यावर फिरते ते दातेरी चाक) जुनंच दिसतंय, आणि सगळ्यात शेवटी "आधी मॅन्युअल वाचा, लोकांना येडं बनवू नका."

मालक, मुद्दा मांडायला कोणाची ना नाही. पण येडं बनवू नका? मी काय चेनी विकतो का? माझं दुकान नाही, कुठल्या ऑइलवाल्याची जाहिरात नाही, रविवारी उन्हाच्या आधी खाली बसायचं, हात काळे करायचे, त्याच काळ्या हातानं मोबाईल धरून फोटो काढायचे, रात्री जेवण झाल्यावर सगळं टाइप करायचं, आणि तुम्ही पंख्याखाली बसून एका ओळीत निकाल देऊन मोकळे. "मला असं वाटतं" एवढे तीन शब्द टाकले असते तर काय बोट झिजलं असतं का? आपल्या सोलापुरात चहाच्या गाड्यावर "काय बे" म्हटलं तर कुणाला राग येत नाही, पण तिथं समोर ओळखीचा माणूस असतो, तुमचं तर मला नाव पण माहीत नाही.

बरं, ग्रीस आत सील असतं हे शंभर टक्के बरोबर, मी नाही कुठं म्हटलंय? पण आत म्हणजे नेमकं कुठं ते पण बघा की. ते असतं पिन आणि तिच्यावरच्या नळीसारख्या बुशच्या मध्ये, आणि आतली-बाहेरची प्लेट यांच्यामधी जी बारीक रबराची रिंग दिसते ती त्या ग्रीसला अडवून धरते. आता बुशच्या वरनं जो रोलर फिरतो, जो स्प्रॉकेटच्या दातात बसतो, त्याला कुठली रिंग आहे सांगा. नाहीच आहे. रोलर आणि बुशच्या मध्ये जे जाणार ते बाहेरूनच जाणार, मग ऑइल जाऊ दे नाहीतर होटगी रोडची धूळ. गाडी मेन स्टँडवर लावा, एक रोलर नखानं फिरवून बघा, कोरडा असला तर खरखर बोटाला लागते आणि प्लेटच्या कडेला लालसर भुकटी दिसते, मग एक थेंब सोडा, चाक दोन-चार वेळा हातानं फिरवा आणि तोच रोलर परत फिरवा. मग या आणि शून्य उपयोग म्हणा.

शिवाय ती रबराची रिंग पण कोरडी पडली की कडक होते, चिरते, आतलं ग्रीस निघून जातं, आणि मग ती लिंक स्प्रॉकेटवरनं सुटताना सरळच होत नाही, वाकडीच राहते. म्हणून तर पेट्रोलनं धुऊ नका, तारेचा ब्रश मारू नका असं मी लिहिलं होतं, पण ते तुम्ही वाचलं नसावं. मॅन्युअल म्हणाल तर ओ-रिंग असली तरी ठराविक किलोमीटरनं चेन साफ करून ऑइल लावा असंच बऱ्याच गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये असतं, तुम्ही कुठलं वाचलं?

आणि अनुभवाचं म्हणाल तर माझे वडील अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत लूमवर होते, कुठला माग कोरडा चाललाय ते त्यांना आवाजावरनं कळायचं, तेलाचा डबा हातात घेऊन मी त्यांच्यामागं फिरलोय. कॉलेजला असताना सुट्टीत सात रस्त्याजवळ एका गॅरेजवर कामाला होतो, तिथं तर दिवसभर रॉकेलच्या ट्रेमध्ये चेनीच चेनी. लोखंडाला लोखंड घासलं की काय होतं हे मला कुणी नव्यानं शिकवायची गरज नाही.

रनिंगचं सांगतो. इंजिनासारखं रनिंग चेनला नसतं हे मान्य, आणि ५०० किमी हा आकडा काही काळ्या दगडावरची रेघ नाही, ३०० ला बघितलं तरी चालतंय. पण नव्या चेनचे पिन-बुश एकमेकात बसताना ती सुरुवातीला थोडी लूज पडतेच, म्हणून तेवढे दिवस क्लच झटक्यात सोडू नका आणि मग प्ले, म्हणजे चेन वर-खाली किती हलते ते, तपासा असं म्हटलं. साध्या गाड्यांना बहुतेक २० ते ३० मिमी, तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये, आणि चाक फिरवत जिथं चेन सगळ्यात टाइट लागते तिथं मोजायचं. लूज जागी मोजून आवळली तर टाइट जागी गियरबॉक्सच्या शाफ्टचं बेअरिंग बोंबलतं.

रिम घाण होतं कारण लोक ऑइल ओततात. गाडी फिरवून आल्यावर चेन कोमट असताना आतल्या बाजूनं रोलरवर थोडंसंच सोडायचं, रात्रभर तसंच ठेवायचं, सकाळी कोरड्या फडक्यानं जास्तीचं पुसायचं. विषय संपला.

स्प्रॉकेटचं म्हणाल तर दात वाकलेले नव्हते म्हणून ठेवलं. त्यावर परत कधीतरी.

राहिली तुमच्या प्रतिक्रियेतली एक ओळ, जी इथं कुणाला दिसणार नाही कारण मी काढून टाकलीय: गाडी पहिल्या गियरमध्ये चालू ठेवून स्प्रे मारा आणि फडकं धरा. फडकं स्प्रॉकेटमध्ये ओढलं गेलं की त्याच्यामागं बोटं जातात. इंजिन बंद, गियर न्यूट्रल, चाक हातानं फिरवायचं. मला काय बोलायचं ते बोला, पण ती ओळ परत टाकलीत तर परत काढणार.