सर्कलला सायकल ‘कडेकडेने’ काढायला सांगू नका

‘सायकलवाल्या मुलांसाठी 5 नियम’ हे फॉरवर्ड काल माझ्या भाचीच्या क्लासच्या ग्रुपवरही येऊन पोचलं आणि ताईने ते तिला वाचूनही दाखवलं, म्हणून लिहितेय. पोरगी आठवीत आहे, नाशिकमध्ये कॉलनीतल्या सर्कलमधून रोज सायकलने जाते.

पहिलाच नियम, ‘सर्कलला डावी कड सोडू नका’. हा सगळ्यात घातक. तुम्हाला सरळ जायचंय आणि तुम्ही कडेला चिकटलात तर मागच्या कारवाल्याला वाटतं ही डावीकडेच वळणार, तो उजवीकडून पुढे काढतो आणि डावीकडच्या गल्लीत वळतो, थेट तुमच्या पुढच्या चाकासमोरून! ब्रिटनमध्येही आपल्यासारखीच डावीकडून वाहतूक आहे, तिथल्या हायवे कोडमध्ये (वाहतुकीच्या नियमांचं सरकारी पुस्तक) 2022 पासून स्पष्ट लिहिलंय की जंक्शन जवळ आलं की सायकल लेनच्या मध्यावर घ्या, आणि त्याच्याही आधीपासून हेही आहे की राउंडअबाउटला, म्हणजे सर्कलला, डावीकडेच राहणार असाल तर ड्रायव्हरला तुम्ही सहज दिसणार नाही, बाहेर जाणारा रस्ता ओलांडताना जास्त जपा. कॉलनीतलं सर्कल एका लेनचं, गाड्या तिथे तशाही हळू होतात. शिरायच्या आधी मागे बघा, मधे या, उजवा हात बाहेर ठेवा म्हणजे कळतं की ही अजून वळत नाहीये, आपल्या गल्लीच्या आधीची गल्ली मागे पडली की डावा हात दाखवा. मागचा हॉर्न वाजवेल, वाजवू दे.

‘मोठ्या गाडीला आधी जाऊ द्या’ म्हणे. आपल्याकडच्या 2017 च्या ड्रायव्हिंग रेग्युलेशन्सप्रमाणे सर्कलमध्ये जो आधीच आहे त्याचा हक्क पहिला, बाहेरून येणाऱ्याने थांबायचं. समोरचा थांबत नसेल तर ब्रेक लावाच, पण प्रत्येक गाडी दिसली की मधेच थांबायला शिकवलं तर मागचा येऊन आदळेल.

‘उजवीकडे जायचं तर सर्कलच्या अलीकडूनच वळा, वेळ वाचतो’ हे तर सरळ राँग साइड आहे, लहान मुलांना असं सांगवतं तरी कसं?

चौथा नियम हेल्मेटचा. घालाच, पण ते पडल्यावर उपयोगी, धडक टाळत नाही.

राहिला पाचवा, ‘उतरून ढकलत न्या’. हे मान्य करावं लागेल, लहान मुलांना आणि नाशिकच्या मुंबई नाक्यासारख्या गर्दीच्या ठिकाणी तेच बरं. फक्त सर्कलच्या तोंडाशी नाही, गल्लीत थोडं आत जाऊन दोन्हीकडे बघून ओलांडायचं, तोंडाशी गाड्या वळत असतात आणि वळणाऱ्याचं लक्ष दुसरीकडे असतं.