दिवाळीपर्यंत नक्की

सगळ्यात आधी तारीख जाहीर करा. खेळ नंतर बनवता येतो.

तुम्ही पटावरचा खेळ काढायचं ठरवलंय म्हणजे तुमच्याकडे एक वही आहे, स्केचपेनने आकडे घातलेले पुठ्ठ्याचे तुकडे आहेत आणि चार मित्र आहेत. त्यांनी गेल्या रविवारी खेळून "भारी आहे रे" म्हटलंय. त्यातल्या दोघांना नियम अजून कळलेले नाहीत, पण पोहे आवडले. एवढं भांडवल पुरे. आता भिंतीवरचं कॅलेंडर काढा, दिवाळीवर बोट ठेवा आणि आगाऊ नोंदणी उघडून पैसे घ्यायला सुरुवात करा.

दिवाळीच का? तर ती दरवर्षी येते. "ऑक्टोबर २०२२" असं लिहिणारा फसतो. "दिवाळीपर्यंत" लिहिणारा वर्षानुवर्षं खरं बोलत राहतो. मला हे उशिरा सुचलं. माझ्या 'फितूर कोण?' या खेळाची नोंदणी मी मे २०२२ मध्ये उघडली, तेव्हा भोळेपणाने सालही टाकून बसलो होतो.

वेळापत्रक बनवणं अगदी सोपं. प्रत्येकाला विचारा, सगळं सुरळीत झालं तर किती दिवस लागतील. चित्रकार म्हणेल दोन आठवडे, प्रेसवाले म्हणतील आठ दिवस, बाइंडर म्हणेल, "तीनशेच ना? चार दिवस." करा बेरीज. एकाचं काम संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत मध्ये जे दिवस जातात ते धरू नका, कारण ते कुणीच सांगितलेले नसतात. चित्रकाराचा डेंग्यू, डायवाल्याच्या (पत्ते कापायचा साचा बनवणाऱ्याच्या) बहिणीचं लग्न, नियमपुस्तिकेतलं सातवं कलम चौथ्या कलमाच्या विरोधात जातंय हे छपाईच्या आदल्या रात्री लक्षात येणं, या गोष्टी इतरांच्या बाबतीत घडतात.

पैसे अपेक्षेपेक्षा जास्त आले तर घाबरू नका, वचनं वाढवा. लाकडी सोंगट्या, धातूची नाणी, कापडी पट. वचनागणिक एक नवा कारागीर, नवी जीएसटी पावती आणि फोन न उचलणारा एक नवा माणूस तुमच्या आयुष्यात येतो. व्हार्टन या अमेरिकी व्यवस्थापन विद्यालयातल्या ईथन मोलिक यांनी २०१४ मध्ये किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावरच्या प्रकल्पांचा अभ्यास छापला होता. त्यात डिझाइन आणि तंत्रज्ञान या विभागांतले ७५ टक्क्यांहून जास्त यशस्वी प्रकल्प ठरल्या वेळेनंतर पोचलेले निघाले, आणि निधी जितका मोठा तितका उशीरही मोठा. शंकेखोर माणूस यातून सावध होईल. तुम्ही यातून एवढंच घ्या की उशीर म्हणजे लोकप्रियता. 'फ्रॉस्टहेवन' या पटावरच्या खेळाने तिथेच २०२० मध्ये जवळजवळ १ कोटी ३० लाख डॉलर गोळा केले. मार्च २०२१ ची तारीख होती आणि डबे लोकांच्या दारी पडायला २०२२ ची अखेर उजाडली. मध्ये करोना होता, डबा पोत्याएवढा होता, आणि खेळ उत्तम निघाला, त्यामुळे त्यांना नावं ठेवायची माझी छाती नाही. माझ्या तीनशे प्रतींना मात्र ते कारण लावून पाहिलं होतं. लागलं नाही.

डब्यावर वय टाकायला विसरू नका. १ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. म्हणजे नमुने, तपासणी, परवाना आणि आणखी काही महिने. हे कळल्याबरोबर अनेक खेळकर्त्यांना साक्षात्कार होतो की आपला खेळ भलताच गहन आहे. मलाही झाला. 'फितूर कोण?'मध्ये शेजारची आठ वर्षांची मुलगी मला सलग हरवते. डब्यावर ठळक अक्षरांत १४+ आहे.

आता प्रेस. तिथली भाषा मराठीच असते, पण अर्थ वेगळे. "प्लेटा गेल्यात" म्हणजे तुमची फाइल उघडून पाहिली. "मशीनवर आहे" म्हणजे मशीन चालू आहे, त्यावर दुसऱ्याचं काम आहे. "फक्त लॅमिनेशन राहिलंय" म्हणजे कागद आला. "उद्या संध्याकाळी फोन करा" यात संध्याकाळ तेवढी खरी. प्रेसवाल्यांना दोष देऊ नका, त्यांना मोकळा महिना नसतो: ऑगस्टपासून दिवाळी अंक, मग कॅलेंडरं आणि डायऱ्या, मग लग्नपत्रिका, मार्चला अहवाल, मे-जूनला वह्या. हे सगळं दरवर्षी त्याच वेळी येतं. तरीही दरवर्षी त्याचं आश्चर्य वाटायला हवं. ते वाटेनासं झालं की तुम्ही प्रकाशक राहिला नाहीत, नुसते हिशेबनीस झालात.

पुण्यातल्या गर्दीला कंटाळून कुणी चीनची वाट धरतात. तिथे काम चोख होतं, फक्त बरेचदा किमान हजार-दीड हजार प्रती घ्याव्या लागतात, मग तुमची माणसं तीनशे का असेनात. उरलेल्या बाराशे दिवाणखान्यात ठेवता येतात. आमच्या ओळखीत एकाने त्यांच्यावर टीव्ही ठेवला आहे. शिवाय चिनी नववर्षाला कारखाने बंद होतात, कामगार गावी जातात, काही परत येत नाहीत, आणि सगळं पुन्हा मार्गी लागेपर्यंत महिना जातो. २०२३ मध्ये ते २२ जानेवारीला होतं. ही तारीख वर्षानुवर्षं आधी ठरलेली असते, आपल्या पाडव्यासारखीच. म्हणूनच जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात "अचानक उद्भवलेल्या सुट्टीमुळे" असा मजकूर लिहिताना हात कापता कामा नये.

प्रूफ रात्री साडेबारानंतर तपासा. दिवसा चुका सापडतात. मी नियमपुस्तिका चार वेळा वाचली, पटावरची सगळी गडांची नावं वाचली, मागच्या बाजूचा बारकोडसुद्धा स्कॅन करून पाहिला. पत्ते वाचले नाहीत, कारण पत्त्यांवर एकेकच शब्द होता. छापून, कापून, कोपरे गोल करून तीनशे संच घरी आले, तेव्हा आत्या आली होती. तिने वरचा पत्ता उचलला, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि म्हणाली, "फितुर?"

"हो, गडावरचा फितूर. त्याला शोधायचं असतं."

"तो सापडेल रे. तू सापडत नाहीये. उपान्त्य दीर्घ. आठवीत मीच शिकवलं होतं तुला."

या क्षणी गप्प बसणं हा एक मार्ग होता. पण पुण्यात, खेळाच्या नावातला शब्द, तोही पत्त्यावर ऱ्हस्व? डब्यावर दीर्घ, आत ऱ्हस्व? मी ते तेवढे पत्ते पुन्हा छापायचे ठरवले. संचात तीन, म्हणजे नऊशे पत्ते. हा सल्ला तुम्हालाही देतो, कारण तो स्वस्त वाटतो: सगळा संच कशाला, चुकलेलेच पत्ते छापा.

छापले. दोन महिन्यांनी, दुसऱ्याच रीममधल्या कागदावर. आत्याने पास केले. त्या रविवारी सहा जण खेळायला बसलो. मी पत्ते वाटले, कुणी आपला पत्ता अजून उलटूनही पाहिला नव्हता, आणि शेजारच्या त्याच मुलीने माझ्याकडे बोट केलं. "काका फितूर."

"कशावरून?"

"तुमच्या पत्त्याची पाठ वेगळीये."

जमिनीवर सगळे पत्ते पालथे पसरले. बाकीच्यांची पाठ मरून. तिघांची मरूनच, पण जरा वांग्याकडे झुकलेली. एकदा दिसली की डोळ्यांपुढून हलेना. गद्दार ओळखायच्या खेळात गद्दाराला वेगळा अंगरखा घालून पाठवलं होतं मी. दुसऱ्या दिवशी नऱ्ह्याला बाइंडरकडे दोन पत्ते घेऊन गेलो. त्यांनी ते दारात नेऊन उन्हात धरले, मग आत आणून ट्यूबखाली धरले. कटिंग मशीनवरच्या पोराला दाखवले. बराच विचार करून म्हणाले, "उजेडात कळतं, साहेब. रात्री खेळा म्हणावं."

सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफाची, म्हणजे जुन्या पारंपरिक पत्त्यांची, १२० पानं कारागीर हाताने रंगवतो, तरी कुणाची पाठ फितूर होत नाही. असो.

सगळे पत्ते पुन्हा छापायचे, तर हाताशी पैसे यायला आणि मशीन मोकळं मिळायला एप्रिल २०२४ आला. लोकसभेची निवडणूक. पुण्याचं मतदान १३ मेला. प्रेसमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. रॅकवर, टेबलावर, जिन्याच्या कठड्यावर उमेदवारांचे हात जोडलेले चेहरे वाळत पडले होते. माझ्या शीटवर दोन वेगवेगळ्या पक्षांचे गठ्ठे होते. मालक म्हणाले, "निकाल लागू द्या, मग तुमचंच." त्यानंतर पाऊस आला. पावसाळ्यात कागद पाणी पितो, आणि एकाच बाजूला लॅमिनेशन असेल तर पत्ता त्या बाजूने अंग आखडून घेतो. सकाळी टेबलावर ठेवलेला सपाट पत्ता संध्याकाळी होडी झालेला असतो. पैसे वाचवायला एकाच बाजूला लॅमिनेशन करा हा सल्ला मला कुणी दिला होता ते मी सांगणार नाही. तो आरशात दिसतो.

एवढं सगळं घडत असताना तुमचं खरं काम वेगळंच असतं, ते म्हणजे नोंदणी केलेल्यांना पत्र लिहिणं. तेच तुमचं मुख्य उत्पादन, कारण ते एकमेव वेळेवर निघतं. पत्रात कर्ता ठेवू नका. "मी प्रूफ नीट वाचलं नाही" हे वाक्य मराठीला शोभत नाही. "छपाईपूर्व टप्प्यावर काही बाबी निदर्शनास आल्या" हे शोभतं. सोबत फोटो हवा. कशाचाही चालतो, फक्त त्यात मशीन दिसली पाहिजे. आणि दोष शक्यतो लांबचा द्या. 'एव्हर गिव्हन' जहाज सुएझ कालव्यात २३ ते २९ मार्च २०२१ असं सहा दिवस अडकलं. खेळांच्या पत्रांमध्ये ते वर्षभर तरी आडवं होतं. माझा माल नऱ्ह्याहून टेम्पोने कर्वेनगरला यायचा होता, तरी मी "जागतिक पुरवठा साखळी" हे शब्द दोन पत्रांत वापरले. कुणी हसलं नाही. तेव्हा वाईट वाटलं.

खरी संकटंही असतात, नाही असं नाही. २०२५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेने चिनी मालावरचा कर १४५ टक्क्यांवर नेला आणि मे महिन्यात ३० वर आणला. ज्यांचे खेळ त्या वेळी छापून बंदरावर पडले होते त्यांनी जहाज भरावं की थांबावं याचा निर्णय बातम्या बघत घेतला. अशा लोकांच्या रांगेत हळूच जाऊन उभं राहायचं आणि आपलाही उशीर त्यांच्यात खपवायचा, ही कला आहे.

एकच करू नका, पत्रं थांबवू नका. 'द डूम दॅट केम टू अटलांटिक सिटी' या खेळासाठी २०१२ मध्ये ३५ हजार डॉलर मागितले होते, सव्वा लाखाच्या आसपास आले. २०१३ मध्ये जाहीर झालं की खेळ निघणार नाही. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०१५ मध्ये प्रकरण हाती घेतलं. लोकवर्गणीच्या प्रकल्पावर त्यांची ती पहिलीच कारवाई, आणि आरोप असा की पैशांतला मोठा भाग घरभाड्यासारख्या खाजगी खर्चात गेला. तो खेळ पुढे दुसऱ्या प्रकाशकाने काढला. माझ्या घरभाड्याची मी काळजी घेतली होती. ते बायको भरते.

'फितूर कोण?' अखेर जून २०२४ मध्ये निघाला. दोन्ही बाजूंना लॅमिनेशन, पाठ सगळ्यांची सारखी, तू दीर्घ. दिवाळी २०२२ पासून मोजलं तर वीस महिने. पार्सलं करायला घरचे सगळे बसले, आत्या पत्त्यांवरचे पिनकोड आणि वेलांट्या दोन्ही तपासत होती. अकरा पार्सलं "सदर इसम येथे राहत नाही" म्हणून परत आली. लोकांनी दरम्यान नोकऱ्या बदलल्या होत्या, घरं बदलली होती, एकाने देश बदलला होता.

मिरजेच्या एका गृहस्थांचा मात्र त्याच आठवड्यात निरोप आला. शिव्या असतील म्हणून मी दोन दिवस उघडला नाही. त्यांनी लिहिलं होतं, "खेळ मिळाला, धन्यवाद. नोंदणी केली तेव्हा मुलगी बारा वर्षांची होती. गेल्या महिन्यात चौदा पूर्ण झाली. डब्यावरची सूचना तंतोतंत पाळल्याबद्दल आभारी आहे."