उचलू नका रे त्याला!

सकाळपासून फुटबॉल सामन्याची एकच क्लिप फिरतेय. हेडरसाठी दोघं उडाले, एक जण डोक्यावर आपटला आणि तसाच पडून राहिला. चौघं धावले, हातपाय धरले आणि उचलून थेट रेषेबाहेर. डोकं मागे लोंबकळतंय! खाली कमेंट काय, तर 'याला म्हणतात टीम स्पिरिट'. टाळकंच सरकलं.

बेशुद्ध खेळाडूच्या मानेलाही इजा झालीय असंच धरून चालायचं. मणका मोडलाय पण मज्जारज्जू शाबूत आहे, अशा वेळी तुमच्या त्या उचलाउचलीत तो दाबला जाऊ शकतो. एकाने डोक्याशी गुडघ्यांवर बसायचं, दोन्ही तळव्यांनी डोकं धरायचं, कोपरं मांड्यांवर टेकवायची म्हणजे हात डगमगत नाहीत. ओढायचं नाही, फक्त धरायचं. रुग्णवाहिकेतली माणसं ताबा घेईपर्यंत सोडायचं नाही. शुद्धीवर असेल तर आधी सांगा, 'मान हलवू नकोस, तोंडाने बोल.' नाहीतर 'बरा आहेस ना?' विचारलं की गडी मान डोलावतो. मान वाकडी असेल तर हळूहळू सरळ आणता येते, पण दुखणं वाढलं, हातापायांत मुंग्या आल्या किंवा मान अडली की तिथेच थांबा.

श्वास मात्र मानेच्याही आधी. हनुवटी वर करून डोकं मागे नेऊ नका, जबड्याचे कोन दोन्ही बाजूंनी पुढे ढकला. तेवढ्याने वाट मोकळी झाली नाही, तर मग डोकं मागे न्यावंच लागतं. अधूनमधून आचके येतायत म्हणजे श्वास चालू आहे असं समजू नका. छाती दाबायला घ्या: 5 ते 6 सेंटिमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120 वेळा, 30 दाबांनंतर 2 श्वास. आणि एकाला एईडी, म्हणजे हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र, आणायला पळवा. उलटी झाली तर अख्खं अंग एकाच वेळी कुशीवर. खांदे, कंबर, पाय वेगवेगळ्यांनी धरायचे, पण 'एक, दोन, तीन' म्हणणार डोकं धरलेला माणूसच. क्लिपमध्ये कोण कुणाला सांगत होतं? सगळेच ओरडत होते.

हेल्मेटचंही तेच. अमेरिकन फुटबॉलमध्ये खांद्यांवर जाड पॅड असतात, नुसतं हेल्मेट काढलं की डोकं मागे पडतं. काढायची तर दोन्ही, नाहीतर दोन्ही राहू द्या आणि श्वासासाठी पुढची जाळी काढा.

मान्य, बहुतेक वेळा काही निघत नाही. गळ्याच्या कडक कॉलरवरून तज्ज्ञांतही वाद आहेत, तेही मान्य. पण सामना दहा मिनिटं थांबला तर कुणाचं काय जातं हो?

आणि जो उठून चालायला लागतो ना, त्याची मला जास्त काळजी वाटते. आपले क्रिकेटपटू रमण लांबा आठवा. 1998, ढाका, शॉर्ट लेगला, म्हणजे फलंदाजाच्या अगदी जवळ, हेल्मेटशिवाय उभे होते. चेंडू डोक्याला लागल्यावर स्वतःच्या पायांनी आत गेले. तीन दिवसांत गेले. कवटीच्या आत रक्त साचायला वेळ लागतो, तोवर माणूस बरा दिसतो. मेंदूला हादरा बसलेले बहुतेक जण बेशुद्ध पडतच नाहीत.

'आज वार कोणता' हे विचारून फारसं कळत नाही. कुठल्या मैदानावर आहोत, शेवटचा गोल कुणी केला, मागचा सामना जिंकलो का, हे विचारा. शंका आली तर त्या दिवशी खेळ बंद. खेळाडू भांडेल, भांडू दे. क्रिकेटमध्ये ऑगस्ट 2019 पासून बदली खेळाडू मिळतो तो यासाठीच.

घरी पाठवलात तर एकटं सोडू नका. झोपू द्या, जागं ठेवायची गरज नाही, पण पहिल्या रात्री मधूनमधून हलवून बघा. गाडी चालवू देऊ नका. आयब्युप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन नको, रक्तस्राव वाढू शकतो. डोकेदुखी वाढत गेली, पुन्हा उलटी झाली, बोलणं अडखळलं, एक बाजू लुळी वाटली किंवा उठवून उठेना, तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटल गाठा.