वाळूशिल्प महोत्सव पुरीचा नाही, पाचशे वर्षांचाही नाही

कोथरूड-कर्वेनगरच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘पुरीच्या किनाऱ्यावर पाचशे वर्षांपासून भरणारा आंतरराष्ट्रीय वाळूशिल्प महोत्सव, शिल्पं सिमेंट मिसळून करतात.’ लोक त्या भरवशावर डिसेंबरची सहल ठरवतायत, म्हणून हा खुलासा.

हा महोत्सव ओडिशाच्या पर्यटन विभागाने २०११ मध्ये सुरू केला. तो भरतो कोणार्कजवळच्या चंद्रभागा किनाऱ्यावर, १ ते ५ डिसेंबरला, कोणार्कच्या नृत्य महोत्सवाच्याच दिवसांत. पुरी तिथून साधारण ३५ किलोमीटर. पाचशे वर्षांचा आकडा बहुधा तेवढ्याच जुन्या काळातले ओडिया कवी बलराम दास यांच्या आख्यायिकेतून आला असावा. जगन्नाथाच्या रथावरून अपमान करून उतरवल्यावर त्यांनी किनाऱ्यावर वाळूचेच रथ घडवले, असं सांगतात. कथा फार सुंदर आहे, पण ती या महोत्सवाचा इतिहास नव्हे. पुरीचं नाव चिकटलं ते बहुतेक वाळूशिल्पकार सुदर्शन पटनाईक यांच्यामुळे. २०१४ चे पद्मश्री विजेते हे कलाकार पुरीचेच.

सिमेंटचं तर साफ चूक आहे. ओली वाळू साच्यात थराथराने भरून ठोकून घट्ट करतात, मग वरचा साचा काढून कोरत कोरत खाली येतात. कण एकमेकांना धरून राहतात ते पाण्यामुळे, म्हणून तर कलाकार मधूनमधून फवारा मारत असतात. एवढी मेहनत सिमेंटच्या नावावर खपवणं हा त्यांच्यावर अन्याय आहे.

आणि हो, पुण्याहून जाणारी कोणार्क एक्सप्रेस कोणार्कला जात नाही. भुवनेश्वरला उतरून पुढचा प्रवास रस्त्याने करावा लागतो.