कुत्र्याचं फूड: पाकिटाची मागची बाजू

कुत्र्याला खाज सुटली की आपल्याकडे पहिला सल्ला मिळतो तो फूड बदलायचा. चिकनचं बंद कर, लॅम्बचं दे. लॅम्बने फरक पडला नाही तर सॅल्मन, त्यानेही नाही तर ग्रेन-फ्री, म्हणजे धान्य नसलेलं. आमच्या रॉनीला अन्नाची अ‍ॅलर्जी आहे हे कळल्यापासून सोसायटीतले, ऑफिसातले, ओळखीच्यांच्या ओळखीतले लोक मला विचारतात, "तू कोणतं देतेस?" मी ब्रँडचं नाव सांगायचं टाळते. रॉनीला जे चालतं ते तुमच्या कुत्र्याला चालेलच असं नाही. कुत्र्याला काय चालत नाही हे शोधून काढायची एक पद्धत आहे आणि ती सोडून आपण नुसती पाकिटं बदलत बसतो. बरं, ज्या पाकिटांच्या भरवशावर हे सगळं चालतं, त्यांच्यावर आत काय आहे तेही धड लिहिलेलं नसतं. माझा सगळा राग त्यावर आहे.

आधी एक गोष्ट. खाजवणाऱ्या प्रत्येक कुत्र्याला अन्नाचीच अ‍ॅलर्जी असते असं नाही. पिसवा, गोचीड, धुळीतले माइट्स (डोळ्यांना न दिसणारे बारीक किडे), पावसाळ्यात कानात आणि बोटांच्या बेचक्यात वाढणारी यीस्ट नावाची बुरशी, ही कारणं आधी तपासावी लागतात. अन्नावर संशय कधी घ्यायचा? वर्षभर, ऋतू कोणताही असो, खाज असेल. कान बरे होऊन पुन्हा पुन्हा बिघडत असतील. शेपटीखालची जागा घासत असेल. त्याच्या जोडीला शी पातळ होत असेल, तेव्हा. रॉनीच्या पुढच्या पायांच्या बोटांमधले पांढरे केस चाटून चाटून विटकरी झाले होते. तो रंग लाळेचा असतो. तुमच्या कुत्र्याचे पंजे उलटून बघा, रात्रभर काय चालतं ते तिथे दिसतं.

आता अ‍ॅलर्जी कशाची होते? युरोप-अमेरिकेतल्या पशु-त्वचारोगतज्ज्ञांनी २०१६ मध्ये, अन्न बाधतं हे निघालेल्या २९७ कुत्र्यांच्या तोवर प्रसिद्ध झालेल्या नोंदी एकत्र केल्या. त्यात ३४ टक्के कुत्र्यांना गोमांसाची अ‍ॅलर्जी निघाली, १७ टक्क्यांना दुधाच्या पदार्थांची, १५ टक्क्यांना चिकनची, १३ टक्क्यांना गव्हाची. भाताची जेमतेम २ टक्क्यांना. हे आकडे तिकडचे आहेत हे विसरू नका. अ‍ॅलर्जी होते ती सतत पोटात जाणाऱ्या प्रथिनाची. आपल्या घरातल्या कुत्र्यांच्या पोटात काय जातं? दूध-पोळी, दहीभात, चिकनचे पाय, ग्लुकोजची बिस्किटं. पिल्लांसाठी दुकानोदुकानी दिसणाऱ्या फूडवर 'चिकन अँड मिल्क' असं मोठ्या अक्षरांत असतं. त्यामुळे आपल्याकडे संशय आधी चिकन, दूध आणि गव्हावर घ्यावा, असं मला वाटतं.

ग्रेन-फ्रीचं वेड मला म्हणूनच पटत नाही. गव्हाची अ‍ॅलर्जी असणारी कुत्री आहेत, पण त्याहून जास्त कुत्र्यांना त्रास मांसाचा आणि दुधाचा होतो. ग्रेन-फ्रीच्या पिशवीत चिकन भरलेलं असेल तर धान्य काढून काय साधलं? शिवाय धान्याच्या जागी वाटाणा, मसूर, बटाटा भरपूर घातलेल्या फूडचा कुत्र्यांच्या हृदयाच्या एका आजाराशी संबंध आहे का, याची चौकशी अमेरिकेच्या एफडीएने (तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने) २०१८ मध्ये सुरू केली. ठोस निष्कर्ष निघाला नाही, पण दाम दुप्पट मोजून हा प्रयोग आपल्या कुत्र्यावर का करायचा? व्हेज फूडचंही तसंच. शाकाहारी घरांत अनेकांना वाटतं, मांस नाही म्हणजे अ‍ॅलर्जी नाही. व्हेज पाकिटात सोया, गहू, मका असतो. प्रथिनं त्यातही असतात आणि अ‍ॅलर्जी त्यांचीही होते.

आता पाकिटाकडे येते. समोर लिहिलेलं असतं 'लॅम्ब अँड राइस'. छान हिरवा रंग, कुरणातली मेंढी. पाकीट उलटा. बारीक अक्षरांत लॅम्ब मील (मील म्हणजे वाळवून दळलेली भुकटी), तांदूळ, मका आणि त्यापुढे 'पोल्ट्री फॅट', 'चिकन मील', कधी 'हायड्रोलाइज्ड चिकन लिव्हर', म्हणजे प्रथिनाचे तुकडे केलेलं कोंबडीचं यकृत. हे शेवटचं चवीसाठी असतं. दाणे तयार होऊन वाळले की त्यांच्यावर फवारतात, म्हणजे कुत्रा तुटून पडतो. हे निदान लिहिलेलं तरी असतं. बऱ्याच पाकिटांवर नुसतं 'मीट अँड मीट बाय-प्रॉडक्ट्स', 'अ‍ॅनिमल फॅट', 'परमिटेड फ्लेवर्स' एवढंच सापडतं. कोणत्या प्राण्याचं मीट, कोणाची चरबी, फ्लेवर कशापासून केला, काही नाही.

मी एका कंपनीच्या कस्टमर केअरला फोन करून विचारलं, की तुमच्या सॅल्मन फूडमधलं अ‍ॅनिमल फॅट कोणत्या प्राण्याचं आहे? उत्तर मिळालं, "मॅडम, आम्ही प्रीमियम क्वालिटीचंच वापरतो." पुन्हा विचारलं तर तेच. ई-मेल करा म्हणाले, केला, त्याला उत्तर आलं नाही. साध्या प्रश्नाचं साधं उत्तर हवं होतं हो! माझा कुत्रा चिकन खाऊन रक्त येईपर्यंत कान खाजवतो, तुमच्या पिशवीत चिकन आहे की नाही तेवढं सांगा.

आणि लिहिलेलं असतं ते तरी खरं असतं का? इटलीतल्या संशोधकांनी २०१३ मध्ये अ‍ॅलर्जीच्या कुत्र्यांसाठी विकली जाणारी १२ कोरडी फूड तपासली. लेबलाशी जुळली फक्त २. बाकीच्यांत लेबलवर नसलेल्या प्राण्यांचे अंश सापडले. एकाच यंत्रावर सकाळी चिकनचं आणि दुपारी माशाचं फूड बनत असेल आणि मध्ये यंत्र नीट धुतलं जात नसेल तर दुसरं काय होणार? म्हणून कोणी सांगितलं की 'लॅम्बचं दिलं, फरक पडला नाही, म्हणजे अन्नाची अ‍ॅलर्जी नाही', तर मी लगेच म्हणते की तो निष्कर्ष काढता येत नाही. त्या लॅम्बमध्ये चिकन नव्हतंच, हे कोणी पाहिलंय?

आपल्या देशात तर याला कोणी वालीच नाही. माणसाच्या खाण्याच्या पाकिटावर दूध, अंडं, सोया, गहू, शेंगदाणा हे अ‍ॅलर्जीकारक घटक जाहीर करणं एफएसएसएआयच्या, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, नियमांनी बंधनकारक आहे. पण २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यात अन्नाची जी व्याख्या आहे, तिच्यातून जनावरांचं खाद्य वगळलेलं आहे. म्हणजे तुमच्या बिस्किटाच्या पुड्यावर 'दूध आहे' असं छापलं नाही तर दाद मागता येते आणि कुत्र्याच्या पाकिटावर चिकनची चरबी लपली तर ती 'अ‍ॅनिमल फॅट' म्हणून खपून जाते. महिन्याला हजारो रुपये मोजणारे आपण ग्राहकच आहोत ना? मग आपल्याला कळायला नको?

मग करायचं काय? एलिमिनेशन डाएट. डॉक्टरांच्या देखरेखीखाली किमान आठ आठवडे कुत्र्याला एकच ठरलेलं अन्न द्यायचं, दुसरं तोंडात काहीही नाही. आठ आठवड्यांत अन्नाची अ‍ॅलर्जी असलेल्या ९० टक्क्यांहून जास्त कुत्र्यांमध्ये फरक दिसतो, म्हणून हा आकडा ठरला आहे. दोन आठवड्यांत 'काही होत नाही' म्हणून सोडून देऊ नका. सुरुवातीला खाज असह्य असेल तर डॉक्टर औषध देतात, पण खरा फरक औषध थांबल्यावर कळतो.

त्यासाठी अन्न कोणतं? एक रस्ता घरच्या जेवणाचा: कुत्र्याने आयुष्यात कधी न खाल्लेलं एक मांस किंवा मासा आणि एक पिष्टमय पदार्थ. इथे एक मेख आहे. दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्या कुत्र्याला मेंढीचं मांसही बाधू शकतं आणि चिकन बाधतं त्याला बदक बाधू शकतं, कारण प्रथिनं जवळची असतात. घरचं जेवण चाचणीपुरतं ठीक, कायम द्यायचं तर कॅल्शियम आणि बाकीचं मोजून घालावंच लागतं. नुसत्या मटण-भातावर वर्षभर ठेवलेल्या कुत्र्याची हाडं कमजोर होतात.

दुसरा रस्ता हायड्रोलाइज्ड फूडचा. यात प्रथिनाचे एन्झाइमने इतके बारीक तुकडे केलेले असतात की शरीराची प्रतिकारशक्ती ते ओळखत नाही. आपल्याकडे ऑनलाइन मिळतात त्यांपैकी रॉयल कॅनिन हायपोअ‍ॅलर्जेनिकमध्ये मुख्य प्रथिन सोयाचं आहे, अ‍ॅनअ‍ॅलर्जेनिकमध्ये पक्ष्यांच्या पिसांचं, हिल्सच्या झेड-डीमध्ये कोंबडीच्या यकृताचं, फार्मिनाच्या अल्ट्राहायपोमध्ये माशाचं. हे बघूनच घ्या. काही कुत्री मूळ प्रथिनाच्या तुकड्यांनाही रिअ‍ॅक्ट होतात, त्यामुळे संशय चिकनवर असेल तर कोंबडीवर आधारलेलं निवडू नये. किलोला हजाराच्या आसपास किंवा वर जातं, महाग आहे, मान्य. पण अंदाजाने बदललेली अर्धी-अर्धी पाकिटं, कानाचे थेंब, अँटिबायोटिक आणि डॉक्टरांच्या फेऱ्या यांची बेरीज करून बघा.

फूडपेक्षा अवघड भाग घरातला आहे. आपल्याकडे कुत्र्यावर माया करायची म्हणजे त्याला भरवायचं. आमच्याकडे सासूबाई जेवायला बसल्या की पहिला घास रॉनीचा. खाली वॉचमनकाकांच्या खिशात त्याच्यासाठी बिस्किट. कामाला येणाऱ्या मावशी पोळ्या लाटताना एक छोटी त्याच्यासाठी बाजूला ठेवायच्या. कोणाचंच काही चूक नाही, सगळ्यांचा जीव आहे त्याच्यावर. मी प्रत्येकाला त्याच्या कानाच्या आतली लाल, सुजलेली कातडी दाखवली आणि समजावून सांगितलं. सासूबाई लगेच म्हणाल्या, "अगं, मग हे पथ्यच आहे की. आम्ही पाळू." आणि त्यांनीच सगळ्यात कडक पाळलं. पाहुण्यांच्या हातातला चिवडासुद्धा त्या खाली पडू देत नसत. त्याच्या फूडमधलेच मोजून काढलेले दाणे एका डबीत ठेवले, ज्याला लाड करायचे त्याने त्यातला एक द्यायचा.

आणखी काही गोष्टी कोणी सांगत नाही म्हणून सांगते. गोचिडांच्या आणि जंताच्या चघळायच्या गोळ्यांना मांसाची चव असते, त्याऐवजी काय वापरता येईल ते डॉक्टरांना विचारा. कुत्र्याची टूथपेस्ट, च्यू स्टिक, कॅल्शियमचं चविष्ट हाड, सगळं बंद. दुकानात पोत्यातून मोजून देतात ते सुटं फूड अजिबात घेऊ नका, त्या मापात आधी काय होतं कोणाला ठाऊक. आपल्या दमट हवेत उघडी पिशवी महिनोन् महिने राहिली तर तिच्यात साठवणीचे माइट्स होतात आणि त्यांचीही अ‍ॅलर्जी असणारी कुत्री असतात. छोटी पिशवी घ्या, घट्ट बंद ठेवा.

केस किंवा लाळ पाठवून अ‍ॅलर्जीचा रिपोर्ट देणाऱ्या चाचण्यांवर पैसे घालवू नका. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा चाचणीला खोटी फर आणि मिठाचं पाणी पाठवलं होतं. त्यालाही अ‍ॅलर्जीची यादी आली.

आठ आठवड्यांनी कुत्रा बरा दिसला की बहुतेक जण थांबतात. थांबू नका. जुनं फूड पुन्हा सुरू करा. खाज परत आली (ती साधारण दोन आठवड्यांत येते) तरच निदान पक्कं. मग एकेक घटक देऊन बघायचा. पुन्हा खाजवताना बघून जीव कासावीस होतो, पण त्यामुळेच आम्हाला कळलं की रॉनीला बाधतं ते चिकन, आणि गहू व अंडं चालतं. त्यामुळे आयुष्यभर महाग फूडवर राहायची गरज उरली नाही. आता चिकन नसलेलं साधं फूड शोधायचं आहे, आणि तिथे गाडी पुन्हा त्या पाकिटाच्या मागच्या बाजूवर येऊन अडते.

प्रत्येक पाकिटावर उत्पादकाचा ग्राहक-संपर्क छापणं कायद्याने सक्तीचं आहे. त्याचा वापर करू या. मी कंपन्यांना पाठवते तो मजकूर देते, जसाच्या तसा उचला, फूडचं नाव आणि आपल्या कुत्र्याला बाधणारा घटक तेवढा बदला. उत्तर आलं तर त्याचा आणि पाकिटाच्या मागच्या बाजूचा फोटो इथे टाका, म्हणजे बाकीच्यांना उपयोग होईल.

"महोदय, माझ्या कुत्र्याला चिकनची अ‍ॅलर्जी आहे, पशुवैद्यांनी तसं निदान केलेलं आहे. आपल्या या उत्पादनातली चरबी कोणत्या प्राण्याची आहे, चवीसाठी वरून फवारलेला पदार्थ कशापासून बनवला आहे आणि हे उत्पादन ज्या यंत्रावर तयार होतं त्यावर चिकनचं फूडही बनतं का, हे कृपया लेखी कळवावं. आपल्याला माहिती नसल्यास तसंही कळवावं."